बॅकअपचीही जुळणी करायची असते

२०११ पासून ३१ मार्च हा दिवस ‘वर्ल्ड बॅकअप डे’ म्हणून पाळला जातो. दुसऱ्या दिवशी कोणाचा ‘एप्रिल फूल’ होऊ नये म्हणून आदल्या दिवशीच बॅकअप घेऊन ठेवावा, अशी त्यामागची कल्पना आहे. कल्पना चांगली असली तरी दिवस मात्र भारतातील हिशेबनिसांना न विचारता ठरवलेला दिसतो. कारण वर्षअखेरीच्या त्या दिवशी आम्हाला चहा प्यायलाही उसंत नसते, आणि ‘नंतर केले तरी चालेल’ या सदरात मोडणारे प्रत्येक काम त्या दिवशी हमखास मागे पडते.

मी पुण्यातील काही छोट्या व्यवसायांचे हिशेब लिहिते. त्यांत पेठेतील दुकाने आहेत, सिंहगड रस्त्यावरचा एक औषध वितरक आहे आणि भोसरी एमआयडीसीतील वर्कशॉपही आहेत. संगणक दुरुस्त करणे हे माझे काम नाही. तरीही बॅकअप हा विषय मी संगणकवाल्यावर सोपवून मोकळी होत नाही, कारण माझ्या मते तो मुळात हिशेबाचा विषय आहे. बँकेच्या स्टेटमेंटशी जुळणी केल्याशिवाय पुस्तकातील बँक शिल्लक आपण खरी धरत नाही. बॅकअपच्या बाबतीत मात्र ‘बॅकअप झाला’ एवढा संदेश पडद्यावर दिसला की शहाणीसुरती माणसे निर्धास्त होतात. माझे म्हणणे इतकेच आहे की बॅकअपचीही जुळणी झाली पाहिजे, ती ठरलेल्या वारी झाली पाहिजे आणि ती हिशेब समजणाऱ्या माणसाने केली पाहिजे.

हे मत पुस्तकी नाही. नारायण पेठेतील एका वितरकाकडे टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटा अनेक वर्षांचा साचून जड झाला होता, म्हणून नव्या आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला त्याचे विभाजन करण्यात आले. टॅलीत असे विभाजन केले की मूळ कंपनी, म्हणजे टॅलीतील हिशेबाचा संच, आहे तशीच राहते आणि आधीच्या व नंतरच्या काळाच्या दोन नव्या कंपन्या तयार होतात; प्रत्येकीचे आकडी नावाचे स्वतंत्र फोल्डर असते. काम अर्थातच नव्या कंपनीत सुरू झाले. परंतु ठरल्या वेळी आपोआप काम करणाऱ्या विंडोजच्या टास्क शेड्युलरवर पूर्वीच्या संगणकवाल्याने लावून दिलेली बॅच फाइल, म्हणजे लिहून ठेवलेल्या आज्ञांची यादी, रोज रात्री जुन्याच फोल्डरची नक्कल बाहेरच्या हार्ड डिस्कवर करत राहिली. गणपतीच्या आधी मी त्या डिस्कवरचा बॅकअप वेगळ्या फोल्डरमध्ये उभा करून पाहण्याचा आग्रह धरला, तेव्हा मालक किंचित दुखावले.

“मॅडम, अहो रोज होतो की बॅकअप. दुकान बंद करताना मी स्वतः मेसेज बघतो.”

“काका, मेसेज खोटा नाहीये. शेवटचे विक्रीबिल कोणत्या तारखेचे आहे, तेवढे बघू.”

शेवटचे विक्रीबिल ३१ मार्चचे निघाले. एप्रिलपासून एकही नोंद त्या डिस्कवर नव्हती. नक्कल रोज यशस्वी होत होती, संदेशही बरोबर होता. फक्त ज्या फोल्डरला कोणी हात लावत नव्हते, त्याचीच नक्कल होत होती. संगणक धडधाकट असल्याने नुकसान काही झाले नाही. परंतु त्या दिवशी दुपारी आम्ही दोघांनी बसून एक उजळणी केली: समजा, हा संगणक आज बंद पडला असता तर काय परत मिळाले असते? विक्रीचा बराच भाग जीएसटी पोर्टलवरील भरलेल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रामधून काढता आला असता. खरेदीची बिले जीएसटीआर-२बी या खरेदीच्या यादीत दिसली असती, पण ती सुद्धा ज्या पुरवठादारांनी आपापली विवरणपत्रे भरली आहेत त्यांचीच. बँकेतील जमाखर्च स्टेटमेंटवरून लिहिता आला असता. मात्र रोख व्यवहार, मालाचा साठा, परत आलेल्या मालाचा हिशेब, कोणत्या दुकानदाराने कोणत्या बिलापोटी किती रक्कम दिली याची जुळवाजुळव आणि ग्राहकाला तोंडी कबूल केलेली सूट यांतले काहीही पोर्टलवर नसते. वितरणाच्या धंद्यात उधारी हीच खरी मालमत्ता असते, आणि नेमकी तीच दुसरीकडे कोठेही लिहिलेली नसते.

त्यामुळे जुळणी कशी करायची, हे थोडे सविस्तर सांगते. बॅकअप परत उभा करताना तो चालू डेटाच्या फोल्डरमध्ये कधीही उभा करू नये. त्याच क्रमांकाची कंपनी तेथे असेल तर जुना डेटा ताज्या डेटावर बसण्याचा धोका असतो. त्यासाठी ‘तपासणी’ अशा नावाचे वेगळे फोल्डर करावे. शक्य असेल तर दुसराच संगणक घ्यावा, कारण ज्या दिवशी बॅकअप लागेल त्या दिवशी हा संगणक नसणारच आहे. मग त्या प्रतीतून तेरीज, म्हणजे सर्व खात्यांच्या शिलकांची यादी (ट्रायल बॅलन्स), काढावी आणि चालू डेटातून त्याच तारखेची तेरीज काढून दोन्हींची बेरीज ताडून पाहावी. बेरीज जुळली म्हणजे सगळे जुळले असे नाही, हे हिशेबातल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून शेवटच्या विक्रीबिलाचा क्रमांक, शेवटच्या पावतीचा क्रमांक, मोठ्या दोन-तीन ग्राहकांची येणे बाकी आणि एखाद्या चालत्या मालाचा शिल्लक साठा एवढे तरी मी पाहते. हे सारे होईपर्यंत किती वेळ गेला, तोही वहीत लिहिते. मालकांना हा वेळ दाखवला की त्यांना प्रथमच कळते की ‘बॅकअप आहे’ आणि ‘उद्या सकाळी बिले काढता येतील’ या दोन गोष्टींत अर्धा दिवस किंवा दोन दिवसही असू शकतात.

एक लहानशी तांत्रिक खोच येथेच नोंदवते. टॅलीच्या जुन्या आवृत्त्यांत बॅकअपची फाइल ठरावीक एकाच नावाने तयार होत असे, त्यामुळे त्याच जागी पुन्हा घेतलेला बॅकअप आधीच्या बॅकअपची जागा घेई. डेटा आज खराब झाला आणि ते लक्षात येण्याआधीच आज रात्रीचा बॅकअप घेतला गेला, तर कालची चांगली प्रत गेली आणि तिच्या जागी खराब डेटाची उत्तम प्रत आली. म्हणून प्रत्येक वाराचे वेगळे फोल्डर ठेवावे आणि महिनाअखेरीची प्रत बाजूला काढून ती वर्षभर तरी पुसू नये. टॅलीऐवजी एखादी छोटी ईआरपी, म्हणजे सगळा व्यवसाय एकत्र सांभाळणारी, प्रणाली असेल आणि तिच्या पोटात एसक्यूएल सर्व्हर हा डेटाबेस असेल, तर चालू डेटाबेसच्या फाइलची साधी नक्कल उपयोगाची नसते. सर्व्हरलाच बॅकअपची आज्ञा द्यावी लागते. त्याच्या मोफत मिळणाऱ्या एक्स्प्रेस आवृत्तीत ठरल्या वेळी काम करणारा एजंट नसतो, त्यामुळे ती आज्ञा टास्क शेड्युलरमधून द्यावी लागते. ही व्यवस्था ज्याने लावली त्याच्याकडून ती कागदावर लिहून घ्यावी, एवढेच आपल्या हातात असते.

असे फक्त छोट्यांच्याच बाबतीत होते, असा कोणी समज करून घेऊ नये. गिटलॅब ही सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठीच सेवा देणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील डेटा पुसला गेला. बॅकअपच्या अनेक पद्धती त्यांच्याकडे होत्या, पण प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा नेहमीचा बॅकअप जेथे साठायला हवा होता ती जागा रिकामी निघाली. सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुळत नसल्यामुळे तो होतच नव्हता, आणि तो होत नसल्याची सूचना देणारे ईमेलही नाकारले जात होते. कोणीतरी दुसऱ्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेली एक प्रत मिळाली म्हणून ते सावरले. कंपनीने हे सारे स्वतःच जाहीर केले, याबद्दल मला त्यांचे कौतुक वाटते.

आता बॅकअप कशाचा घ्यायचा हा प्रश्न. बहुतेक कार्यालयांत त्याचे उत्तर ‘टॅलीचा’ असे एका दमात येते. टॅली महत्त्वाची आहेच, पण दर ठरवण्याची एक्सेल शीट, कोटेशन, ग्राहकांची ड्रॉइंग, पगारपत्रक, बँकेच्या हमीपत्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती यांतले बरेच काही संगणकाच्या डेस्कटॉपवर पडलेले असते, आणि बॅच फाइल डेस्कटॉपकडे ढुंकूनही पाहत नाही. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येतात. अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअप गुगल खात्यात जातो, तेथे केवळ ताजी प्रत राहते, आणि ती त्या फोन क्रमांकाशी व त्या गुगल खात्याशी बांधलेली असते. विक्री पाहणारा मुलगा स्वतःच्या खासगी क्रमांकावर ऑर्डर घेत असेल आणि नोकरी सोडून गेला, तर ऑर्डरही त्याच्याबरोबर जातात. ज्या ऑर्डरवर पैसे अडकणार आहेत ती त्याच दिवशी टॅलीत विक्री आदेश म्हणून नोंदवावी किंवा निदान तिचा स्क्रीनशॉट ग्राहकाच्या फोल्डरमध्ये ठेवावा, एवढाच उपाय मला व्यवहार्य वाटतो. गप्पांच्या बॅकअपवर विसंबून राहणे मला पटत नाही.

वर्कशॉपमध्ये याहून निराळी गोष्ट असते, आणि ती हिशेबाच्या खोलीत बसणाऱ्याला कधीच दिसत नाही. सीएनसी यंत्राचे, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कापणाऱ्या यंत्राचे, पॅरामीटर (यंत्राच्या मूळ मांडण्या), टूल ऑफसेट (हत्यारांची मापे) आणि पुष्कळदा प्रोग्रामसुद्धा यंत्राच्या नियंत्रकातील ज्या मेमरीत असतात, ती मेमरी यंत्र बंद असताना एका छोट्या लिथियम बॅटरीवर जिवंत असते. फॅनक या कंपनीच्या नियंत्रकावर बॅटरी उतरत आली की पडद्याच्या खालच्या बाजूला ‘बॅट’ ही अक्षरे लुकलुकू लागतात. भोसरीतील एका वर्कशॉपमध्ये ऑपरेटरने ती अक्षरे मला दाखवली तेव्हा सहज म्हणाला, “ते बरेच दिवस आहे हो, काही होत नाही.” खरोखरच यंत्र चालू आहे तोवर काही होत नाही. दिवाळीच्या सुट्टीत मेन स्विच बंद करून सगळे गावी गेले आणि त्या दिवसांत बॅटरी पूर्ण उतरली, तर पाडव्यानंतर यंत्र सुरू करताना त्याला स्वतःची मापे आठवत नसतात. मग सर्व्हिस इंजिनिअरची वाट पाहायची, आणि पुणे जिल्ह्यात दिवाळीनंतरच्या आठवड्यात तो लवकर मिळत नाही. म्हणून नियंत्रकातील सारा डेटा मेमरी कार्डवर, यूएसबीवर किंवा जुन्या यंत्रांत सिरियल केबलने संगणकावर उतरवून ठेवावा, प्रत्येक यंत्राचे वेगळे फोल्डर करून त्यावर यंत्राचा अनुक्रमांक लिहावा, आणि बॅटरी यंत्र चालू असतानाच बदलावी. एका यंत्राचे पॅरामीटर दुसऱ्या यंत्रात जसेच्या तसे चालत नाहीत, हेही त्या फोल्डरमध्ये लिहून ठेवलेले बरे.

प्रती किती आणि कोठे ठेवाव्यात, यासाठी तीन-दोन-एकचा नियम सर्वत्र सांगितला जातो: एकूण तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या जागी. तो लोकप्रिय केला पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. डेटा जपण्याची चिंता संगणकतज्ज्ञांपेक्षा ज्याची वर्षांची कमाई त्यात आहे त्याला अधिक असते. या नियमातील ‘दुसरी जागा’ हा भाग पुण्यात फार ढिलाईने घेतला जातो. दुकान खाली आणि घर वर, म्हणून डिस्क घरी ठेवली, याला दुसरी जागा म्हणता येत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि त्यापाठोपाठ खडकवासला धरणही फुटले, तेव्हा नदीकाठच्या पेठांत काय झाले, हे जुन्या घरांतून अजून सांगितले जाते. तेवढे मागे जायचे नसेल तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या काठी काय झाले, किंवा २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकता नगरीत पाणी किती वर आले, ते आठवावे. तळमजल्यावरचे कार्यालय, टेबलाखाली जमिनीवर ठेवलेला सीपीयू आणि त्याच टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात बॅकअपची डिस्क ही मांडणी मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की कोणत्याही नव्या ठिकाणी गेल्यावर माझी नजर आधी खालच्या खणाकडे जाते. कार्यालय सिंहगड रस्त्यावर असेल तर दुसरी प्रत निदान कोथरूडच्या उंच भागात किंवा चिंचवडला राहणाऱ्या भागीदाराकडे असावी. डेटा क्लाउडवर आहे एवढ्यानेही हा प्रश्न सुटत नाही. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्या ग्राहकांचा मूळ डेटा आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते त्यांचे दोन्ही गेले.

गुगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हवर फोल्डर जोडून ठेवणे म्हणजे बॅकअप नव्हे, हे मला वारंवार सांगावे लागते. ती दोन ठिकाणी एकच फोल्डर दिसण्याची सोय आहे. कार्यालयात फाइल पुसली की तिकडेही ती पुसली जाते. कार्यालयात खराब झाली की तिकडेही खराब फाइल जाते. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत पुसलेली फाइल ३० दिवस राहते, आणि एक्सेलसारख्या फाइलच्या जुन्या आवृत्त्या साधारणपणे ३० दिवस किंवा १०० आवृत्त्यांपर्यंत मिळतात. ही सोय उपयोगी आहे, पण तिमाही विवरणपत्र भरताना लक्षात येणारी चूक ३० दिवसांत लक्षात येत नाही. शिवाय उघड्या असलेल्या टॅलीचा डेटा थेट अशा जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवणे म्हणजे डेटा बिघडण्याला आमंत्रण आहे. ड्राइव्हवर टाकायचीच असेल तर टॅलीने बनवलेली बॅकअपची फाइल टाकावी.

खंडणीखोर सॉफ्टवेअरमुळे, ज्याला सगळे रॅन्समवेअर म्हणतात, या विषयाला गेल्या काही वर्षांत वेगळीच धार आली आहे. ते एकदा आत शिरले की संगणकाला जोडलेली प्रत्येक डिस्क आणि नेटवर्कवर दिसणारे प्रत्येक फोल्डर कुलूपबंद करते, आणि विंडोज स्वतःहून ठेवत असलेल्या जुन्या प्रतीही बहुधा आधीच पुसून टाकते. बॅकअपची डिस्क कायम यूएसबीला लावून ठेवलेली असेल तर तीही त्यात जाते. लॉकडाउनच्या काळात घरून काम करता यावे म्हणून ऑफिसच्या संगणकाचा रिमोट डेस्कटॉप थेट इंटरनेटवर उघडून दिला गेला आणि नंतर तो बंद करायचे कोणाला आठवले नाही, हा एक दरवाजा. फुकट मिळालेले क्रॅक केलेले सॉफ्टवेअर हा दुसरा. परवान्याचे काही हजार रुपये वाचवण्यासाठी सगळी उधारी पणाला लावण्याचा हा व्यवहार मला कोणत्याच अंगाने फायद्याचा दिसत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे: एक प्रत तरी वायरीपासून तुटलेली असली पाहिजे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या विध्वंसक प्रोग्रामने मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर निकामी केले. तिच्याच समूहातील कंपनी चालवत असलेल्या न्हावा शेव्याच्या टर्मिनलचेही काम विस्कळीत झाले, म्हणजे चाकणहून निघणाऱ्या मालापासून ही गोष्ट फार दूरची नव्हती. कोणत्या कर्मचाऱ्याला कोठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे कंपनीचे सर्व सर्व्हर एकमेकांशी जोडलेले होते आणि एकमेकांचाच बॅकअप होते, त्यामुळे ते एकाच वेळी गेले. वाचला तो घाना देशातील एकच सर्व्हर, कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेलेली असल्याने तो नेटवर्कपासून सुटला होता. त्या एका प्रतीवरून कंपनीने आपली व्यवस्था पुन्हा उभी केली. महावितरणला नावे ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना ही हकीकत पचायला थोडी जड जाते. नशिबाने जे घानात घडले ते आपल्याला दोन डिस्क घेऊन रीतसर करता येते. पुण्यातील तपकीर गल्लीच्या बाजारात किंवा कोठेही काही हजार रुपयांत डिस्क मिळते. एकीवर ‘अ’ आणि दुसरीवर ‘ब’ असे लिहावे, या आठवड्यात ‘अ’ कार्यालयात आणि ‘ब’ घरी, पुढच्या आठवड्यात उलट, आणि नक्कल झाली की डिस्क लगेच काढून ठेवावी. दोन्ही डिस्क एकाच वेळी एकाच संगणकाला कधीही लावू नयेत.

कायद्याचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो आपल्या सीएंना विचारूनच ठरवावा. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार हिशेबाची पुस्तके त्या वर्षाचे वार्षिक विवरणपत्र भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि त्याच कायद्याच्या नियम ५७ मध्ये इलेक्ट्रॉनिक नोंदींचा बॅकअप असा ठेवण्यास सांगितले आहे की अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी वाजवी वेळात त्या परत मिळाव्यात. व्यवसाय प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनी कायद्यानुसार आठ आर्थिक वर्षांची पुस्तके ठेवावी लागतात, आणि ऑगस्ट २०२२ मधील दुरुस्तीनंतर इलेक्ट्रॉनिक पुस्तकांचा बॅकअप भारतात असलेल्या सर्व्हरवर रोज घ्यावा लागतो. यातील आठ वर्षांची बाब वरवर सोपी दिसते. आठ वर्षांपूर्वीचा डेटा त्या वेळच्या आवृत्तीत असतो, आणि नोटीस येईल तेव्हा ती आवृत्ती, तो संगणक आणि तो पासवर्ड यांतले काय हाताशी असेल ते सांगता येत नाही. म्हणून लेखापरीक्षण पूर्ण झाले की मी खतावणी, रोजमेळ, तेरीज, ताळेबंद, साठ्याचा सारांश आणि येणे-देण्याच्या याद्या पीडीएफमध्ये काढून वर्षाच्या फोल्डरमध्ये ठेवते. पीडीएफ म्हणजे बॅकअप नव्हे, त्यातून टॅली पुन्हा उभी होत नाही. परंतु अधिकाऱ्यासमोर बसल्यावर पीडीएफ लगेच उघडते.

राहिला माणसांचा प्रश्न, आणि माझ्या अनुभवात बॅकअप अडतो तो बहुतेक वेळा येथेच. क्लाउडचे खाते तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाच्या ईमेलवर असते. ओटीपी त्याच्या फोनवर जातो. बॅकअपच्या फाइलला पासवर्ड लावलेला असतो, जो योग्यच आहे, पण तो फक्त संगणकवाल्याला माहीत असतो, आणि त्याचे वार्षिक देखभालीचे पैसे थकलेले असतात. हे टाळायचे तर खाते व्यवसायाच्या नावाने आणि मालकाच्या क्रमांकावर असावे, आणि सर्व पासवर्ड, डिस्क कोठे आहेत, कोणते फोल्डर कशाचे, परत उभे करण्याची क्रमवार कृती हे सारे कागदावर लिहून बंद पाकिटात बँकेच्या लॉकरमध्ये किंवा घरच्या कपाटात ठेवावे. वर्ष बदलताना, कंपनीचे विभाजन करताना किंवा संगणक बदलताना तो कागद नव्याने लिहावा. जुळणीचा वारही ठरवून घ्यावा लागतो. भोसरीत मी तो बुधवार ठेवला आहे, कारण गुरुवारी औद्योगिक वसाहतीला सुट्टी असते आणि देखभालीसाठी वीजही अनेकदा बंद असते; पेठेतील दुकानांत शनिवारी दुपारी दुकान बंद असण्याच्या वेळेत काम होते, त्याबद्दल आमच्या शहराच्या दुपारच्या झोपेचे आभार.

कागद लिहून झाला की तो लिहिणाऱ्याने स्वतः वाचून समाधान मानू नये. ज्याने तो कधी पाहिलेला नाही अशा माणसाच्या हाती द्यावा. नारायण पेठेतील त्या वितरकाकडे आम्ही पाकीट त्यांच्या सुनेकडे दिले. त्यांचा धंद्याशी रोजचा संबंध नाही, पण अडचणीच्या वेळी कपाट त्याच उघडणार आहेत. त्यांनी घरच्या लॅपटॉपवर, कोणालाही फोन न करता, ‘ब’ डिस्कवरून सगळे उभे केले. अडल्या एकाच ठिकाणी: पासवर्डमधील इंग्रजी ‘ओ’ आणि शून्य हस्ताक्षरात सारखेच दिसत होते. शून्याच्या पोटात तिरकी रेघ मारून नवा कागद लिहिला, जुना फाडला, तेरीज ताडून पाहिली, ती जुळली, आणि काकांनी त्यावर तारीख घालून सही केली.